बेय्याच्या पडद्यावरची सीका

लल्ला बेय्याने (आमच्याकडे बाईंना मानाने लल्ला म्हणतात) ट्युनिसच्या कॉलेजात आयुष्यभर इंजिनिअर होऊ घातलेल्या पोरांना गणित शिकवलं. निवृत्त होऊन ती आमच्या तस्तूर गावी परतली तेव्हा तिच्याकडे वडिलांचं कानून हे वाद्य होतं, आणि आलेख काढणारा एक जुना कॅल्क्युलेटर, कोपरे झिजलेला. तारांनी भरलेलं ते कानून मांडीवर आडवं घेऊन ती आमच्या मालूफ संगीताच्या मंडळात बसली, थेट वडिलांच्याच जागेवर. मी रबाब वाजवतो, तिच्या उजव्या हाताला. मला कुणाचं वाजवणं सहजी पटत नाही, तिचं पटायचं.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि जाताना कानांचं वाटोळं करून गेला. तीच तार उजव्या कानात एका उंचीवर, डाव्यात दुसऱ्या. कानून तर दर बैठकीआधी एकेक तार जुळवून घ्यावं लागतं. कुठल्या कानावर विश्वास ठेवायचा हेच तिला कळेना.

मंडळाचे शेख, म्हणजे प्रमुख, सी मुन्जी भला माणूस. चहाचा पेला पुढे करत ते हळूच म्हणाले, "लल्ला, डाळिंबांच्या मोसमातल्या कार्यक्रमाला कानून वाजवायला मंडळातल्या सालिमला बसवू या का? तुम्ही समोर बसा, मानाने."

"मानाने बसायला मी काय नवरी आहे?" बेय्या म्हणाली. "तालमीपर्यंत थांबा. नाही जुळलं तर मीच उठेन."

दुसऱ्या दिवशी तिने मला घरी बोलावलं. कॅल्क्युलेटरला मायक्रोफोन जोडलेला होता.

"तिजानी, तार छेड आणि तोंड बंद ठेव."

"पहिलं जमेल."

मी कानूनची एक तार छेडली. पडद्यावर पोरांनी गिरगोटावं तशी एक रेघ उमटली. बेय्याने बटणं दाबली. "आता याचं फूरिये रूपांतर. मिसळलेलं धान्य निवडतात ना, तसं. या आवाजात कुठले कुठले सूर आहेत ते वेगळे काढतं."

यंत्र म्हातारं. आमचा चहा निवला तरी त्याचं चाललंच होतं. मग पडद्यावर शिखरं उभी राहिली. आधी एक उंच, मग सारख्या अंतरावर आणखी, आणखी. मी तर एकच सूर वाजवला होता! इतकी वर्षं माझ्या बोटांखाली ही अख्खी रांग होती आणि मला पत्ताच नव्हता. अंगावर सर्रकन काटा आला.

"हे सगळं एका तारेत?"

"एका तारेत. घाबरलास?"

खरं सांगतो, घाबरलोच होतो. नमाजाला उभं राहताना वाटतं तसं काहीतरी वाटलं.

छेड, थांब, शिखर बघ, खुंटी पीळ, असं करत तिने सगळं कानून जुळवलं. सीका हा आमचा लाडका स्वर. त्याची जागा तिने पुस्तकातून घेतली, सप्तकाचे चोवीस समान भाग करून. तालमीला गायला खमीसा होती, मंडळातली सगळ्यांत म्हातारी. पहिल्याच सीकेवर ती थांबली.

"ही कुणाची सीका?"

"पुस्तकातली," बेय्या म्हणाली.

"मग गाऊ दे पुस्तकालाच."

बेय्याचा चेहरा पांढरा पडला. सी मुन्जींनी तालीम दुसऱ्या दिवसावर ढकलली, पण त्यांची नजर सालिमकडे गेलेली मी पाहिली.

तिच्या घरी पोचेपर्यंत मी तिला बोल बोल बोललो. "अगं, तस्तूरची सीका कुणी मोजून ठेवली होती का? ती गळ्यातून गळ्यात आली!"

ती दारातच थांबली. "गळ्यातून," ती म्हणाली, आणि आत जाऊन एक कॅसेट घेऊन आली.

तिचे वडील, अब्दुलहफीझ, कानून वाजवत आणि गातही. प्रत्येक बैठकीला उशिरा यायचे आणि खमीसाच्या शिव्या खायचे. कॅसेट कुठल्याशा लग्नातली होती, मागे पोरं रडत होती. ताप आल्यापासून बेय्याने ती लावलीच नव्हती. "दोन कानांत दोन बाबा ऐकू येतात," ती म्हणाली, "आणि दोघांचं एकमेकांशी जुळत नाही."

तरी तिने ती लावली. वडिलांनी आधी षड्ज आणि मग सीका लांबवली तिथे मायक्रोफोन धरला.

"टेप हळू फिरत असेल तर?" मी विचारलं.

"फिरू दे. षड्ज आणि सीका, दोन्ही सारखेच उतरतील. त्यांचं गुणोत्तर बदलत नाही."

आम्ही थांबलो. शिखर उभं राहिलं, पुस्तकातल्या जागेच्या जरा खाली. दुसऱ्या ओळीतली सीका घेतली, शिखर तिथेच. तिसऱ्या गाण्यातली घेतली, तरी तिथेच. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, आणि त्याचा गळा केसभर हलला नव्हता.

बेय्याने पडद्यावर बोट टेकवलं. "बाबा इथे आहेत," ती म्हणाली. "एकच आहेत." मग ती रडली आणि मीही रडलो.

रात्रीच तिने कानूनच्या सीकेच्या तारा बाबांच्या जागेवर उतरवल्या. दुसऱ्या दिवशी तालमीत खमीसा सीकेवर आली. ती थांबली नाही. तिने डोळे मिटले आणि तो स्वर असा लांबवला, की सालिमच्या हातातला चहा तसाच राहिला. बेय्याला काहीच धड ऐकू येत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. मी होकाराची मान हलवली.

गाणं संपल्यावर खमीसा उठली, बेय्याजवळ गेली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून मोठ्याने म्हणाली, "तुझा बाप गं. मेला, नेहमीसारखा उशिरा, पण आला."