जाईबाईंची मांजर आणि गंगाधरपंतांचा बूट

लालबागला जाईबाईंच्या खानावळीत आम्ही चौदा जण जेवायचो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर नाक्यावर अश्रुधूर सुटला, तेव्हा शेवटपर्यंत पाय रोवून उभे राहिले ते फक्त गंगाधरपंत. निदान ते तसं सांगत. पहिल्या दिवशी सांगताना त्यांच्यापुढे एक नळकांडं पडलं होतं. चौथ्या दिवसापर्यंत तीन झाली.

त्याच धावपळीत खानावळीच्या जिन्यावर जाईबाईंच्या मांजरीचा पाय मोडला. कोणाच्या बुटाखाली, ते मला ठाऊक होतं. गंगाधरपंतांच्या मागून मीच पळत होतो.

"कोणाचो पाय पडलो रे तिच्यार?" बाईंनी पंगतीला विचारलं. कोण बोलणार? सांगताना सगळेच नाक्यावर उभे होते ना!

मांजर टोपलीत घालून बाई परळला जनावरांच्या दवाखान्यात निघाल्या. कागद वाचायला म्हणून गंगाधरपंतांना आणि मला बरोबर घेतलं.

कारकुनाने हिशेब सांगितला. केसपेपर चार आणे, प्लास्टर साडेचार रुपये. बारा दिवस ठेवावी लागेल, दुधासकट रोजचे सहा आणे. एकूण सव्वानऊ.

"एवढे? मांजरीचे?" बाईंनी कनवटीची गाठ सोडली. पाच रुपये निघाले.

कारकून भला माणूस. "बेवारस लिहू? मग फुकट होईल. फक्त परत मिळणार नाही."

बाईंनी टोपलीच्या झाकणावर हात दाबून धरला. एरवी दिवसातून दहादा तिला 'मर मेल्ये' म्हणणाऱ्या बाईंनी टोपली स्वतःकडे ओढली.

"बाकीचे मी भरतो," गंगाधरपंत पुटपुटले.

"धर्माचे नको माका. पाय मोडलो त्येना देऊचे."

पंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं गाईचं चित्र बघू लागलो.

"तोच देतोय," ते शेवटी म्हणाले. "माझ्याच बुटाखाली आली. पळत होतो मी."

"नाक्यावरून?" मला राहवलं नाही.

"गप रे! तू मागेच होतास."

कारकुनाने एवढी कबुली मागितली नव्हती. त्याने सव्वाचार रुपये मोजून घेतले आणि पावतीवर जाईबाईंचं नाव घातलं.

बाईंनी पावती चोळीत खोचली. रागावल्या म्हणावं, तर ओठ हसण्याच्या बेतात.

"बारा दिवस रोज सांजचा तिका बघूक तू येवचा, गंगाधरा," त्या म्हणाल्या. "आणि चलत ये हां, मेल्या."