बूट खोटं बोलत नाहीत

सगळी गल्ली त्यांना बूटवाले म्हणायची. दुरुस्तीला आलेला बूट उलटा करून, गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत त्याची कुंडली मांडायची, याचा त्यांना भारी तोरा. "डावा गुडघा दुखतो ना?" "दिवसभर उभ्यानं काम दिसतंय." बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि तिथंच घोळ झाला. सारखं बरोबर निघायला लागलं की माणूस विचारायचं सोडून देतो.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मुलाचे बूट असेच उलटे केले. टाचा पार झिजलेल्या. खुर्चीत बसून काम करणाऱ्याच्या टाचा अशा होत नाहीत. "कामाला जातो म्हणून सांगतोस आणि गावभर उंडारतोस!" मुलगा काही बोलायला गेला, तर म्हणाले, "मला शिकवू नकोस. बूट खोटं बोलत नाहीत." महिन्याभरात मुलानं घर सोडलं. तो परत आला तो आई गेल्याचं कळल्यावरच.

चार दिवस राहून आज तो निघाला होता. बसला तासभर अवकाश होता, म्हणून दुकानात टेकला. खांद्यावरची पिशवी खांद्यावरच. हा आता गेला की पुन्हा यायचा नाही, हे बूटवाल्यांना कळत होतं. त्याच्या पायांकडे बघून त्यांची जीभ नुसती वळवळत होती. पण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं, "तेव्हा कुठं जायचास रे?"

मुलगा बघतच राहिला. "नोकरी गेली होती, बाबा. डबा घेऊन निघायचो आणि दारोदार काम मागत फिरायचो. सहा महिने."

मग सांगायचंस की! हे अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "आईला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तीच म्हणाली, त्यांना सांगू नकोस. ते ऐकून घेत नाहीत, आपल्या मनातलं आपल्यालाच सांगतात. मी कशी हो म्हणते, तसं तूही हो म्हण."

बत्तीस वर्षं बायको हो म्हणत आली आणि ते समजत आले, की हिला मी आतून बाहेरून ओळखतो. आता तिला विचारायची सोय नव्हती.

"ती कशाकशाला नुसतंच हो म्हणाली, ठाऊक आहे तुला?"

"थोडंफार."

"सांग. मी मध्ये बोलत नाही."

मुलानं घड्याळ पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली.

"तिला इथं कधीच राहायचं नव्हतं," तो म्हणाला.

बूटवाल्यांचे डोळे भरून आले. पण ते मध्ये बोलले नाहीत.