पप्पांनी कण्यांची वाटी सरकवली

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. अजून डोक्यातून जात नाहीये.

पप्पांची शुगर वाढलीय, म्हणून मी काल घाटकोपरच्या एका दुकानात पाककृतींची पुस्तकं चाळत होते. एकात चकाचक फोटो आणि नावंही धड घेता न येणारी धान्यं. दुसऱ्यात ज्वारी, नाचणी, कुळीथ, सगळं आमच्या विक्रोळीच्या वाण्याकडे मिळणारं. दुसरं घेतलं.

आज त्यातल्या कण्या केल्या. जाडसर भरडलेली ज्वारी ताकात शिजवली, वर लसणाची फोडणी. वास झकास सुटला होता.

पप्पांनी वाटी बघितली आणि बाजूला सरकवली.

"कण्या? मी नाही खाणार."

"अहो, पौष्टिक असतात. पुस्तकात लिहिलंय."

"दुष्काळात आई नुसत्या पाण्यात मीठ टाकून शिजवायची. रोज तेच. गाव सोडून मुंबईला आलो, ते परत कण्या खायला नाही गं."

पप्पा हे कधीच बोलले नव्हते. मी भाकरी थापायला उठले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब. तूप आहे का घरात?"

मी चमचाभर तूप सोडलं. पप्पांनी एक घास घेतला, मग सावकाश सगळी वाटी संपवली.

"चांगल्या झाल्यात," म्हणाले. "आईनं अशा कधी खाल्ल्याच नाहीत."

मी पुस्तकातून कौतुकानं शिकले, ते माझ्या आजीनं नाइलाजानं रांधलं होतं. तुमच्या घरी आहे का असा एखादा पदार्थ? कधी विचारलंय कुणाला?