‘आत्सूक’चा अर्थ मीच चुकवला

‘उंच भागातील अस्वलांबाबत स्थानिक शिकाऱ्यांना माहिती नाही.’

ही ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं. बॅफिन बेटाच्या आमच्या किनाऱ्यावर येत्या ऑगस्टमध्ये पांढऱ्या अस्वलांची गणना व्हायची आहे. मे महिन्यात तिचा आराखडा गावच्या शिकारी मंडळाकडे सहीसाठी आला. मी मंडळाची दुभाषी, म्हणून तो आधी माझ्या हातात पडला. मार्चच्या बैठकीत प्रश्न विचारला होता एकाच शिकाऱ्याला, माझ्या मोसेसीमामाला. बहात्तर वर्षं या फ्योर्डांमध्ये, डोंगरांत शिरलेल्या या खाड्यांमध्ये घालवलेल्या माणसाला माहिती नाही!

मोसेसी किलिकती हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं थंडीनं गेलेली, तरी अर्ध्या गावाच्या बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल गाड्या तोच दुरुस्त करतो. शिकारीला निघताना ‘मारून आणतो’ असं तो कधी म्हणत नाही. ‘बघून येतो,’ म्हणतो. लहानपणी आम्ही अस्वलाची नक्कल करत हसलो, की तो दटावायचा, “हळू बोला, त्याला ऐकू जातं.” अस्वलाबद्दल छातीठोक बोलणं म्हणजे त्याचा अपमान करणं, ही त्याची समजूत. म्हणून त्या वर्षी स्वतःच्या पायांनी जाऊन पाहिलेलं नसेल, तर कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर: आत्सूक.

मार्चच्या बैठकीत गणनेचे प्रमुख डॉ. हॅलम यांनी विचारलं होतं, “ऑगस्टमध्ये वर डोंगरात, बर्फाच्या पट्ट्यांवर अस्वलं असतात का?”

मामा म्हणाला, “आत्सूक.”

आणि मी, चार वर्षं कॉलेजात भाषा शिकून आलेली, पटकन सांगून मोकळी झाले, “माहीत नाही म्हणतात.”

हॅलमनी लिहून घेतलं. त्यावरून हेलिकॉप्टरच्या उड्डाणांच्या रेषा आखल्या गेल्या. किनाऱ्यावर दाट, आतल्या सपाटीवर विरळ, आणि डोंगरात एकही नाही. ऑगस्टमध्ये समुद्रावरचा बर्फ वितळला की मोठे नर किनारा अडवतात. पिल्लांना नरांचं भय, म्हणून माद्या त्यांना घेऊन वर जातात. म्हणजे नेमक्या आयाच मोजायच्या राहणार! आकडा कमी आला की शिकारीचे परवाने कमी होणार, आणि हाकलणारं कोणी नसलं की अस्वलं गावात धिटाईनं शिरणार. गेल्या ऑक्टोबरात शाळेच्या पायरीपाशी एक उभं होतं. आत माझी सात वर्षांची ऊलूसी होती. तेव्हापासून तिला सोडायला आणि आणायला मीच जाते.

कागद घेऊन मी तशीच मामाकडे गेले. तो इंजिन खोलून बसला होता.

“मामा, वर माद्या असतात हे तुला माहीत नाही?”

“कोण म्हणतं?”

“तूच. या कागदात.”

मी वाचून दाखवलं. तो इतका हसला की हातातला पाना पडला. “मला इंग्रजी येत नाही, तरी मी इंग्रजीत मूर्ख ठरलो! हे काम तुझंच ना गं?”

“हसू नकोस! तू सरळ ‘हो’ का नाही म्हणालास?”

“यंदाचा ऑगस्ट आलाय का? मग मी कुठून सांगू? त्यानं चुकीचं विचारलं, तू चुकीचं सांगितलंस, आणि ओरडतेयस माझ्यावर. चहा घे.”

चूक माझी होती, हे खरं. पण एका शब्दावरून डोंगरच्या डोंगर रिकामा ठरवणाऱ्यांना दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं नाही, ही कुठली शास्त्रीय पद्धत?

सह्या घ्यायला हॅलम आले, तेव्हा मी आधीच सांगितलं, “मार्चमध्ये मी चुकीचा अर्थ सांगितला. आज प्रश्न मी विचारणार.”

ते सावरून बसले. “पण त्यांनी स्वतःच तर...”

“त्यांनी नाही. मी.” मग मामाकडे वळले. “मामा, वर कधी, कुठे, काय पाहिलंस? फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांग.”

मामानं नकाशा ओढला आणि तुटक्या बोटानं दाखवू लागला. ऊलूसी जन्मली त्या उन्हाळ्यात या हिमनदीच्या कडेला तीन माद्या, पाच पिल्लं. त्याच्या आदल्या वर्षी या खिंडीच्या वर एक, पिल्लू लंगडं. दोन तास तो बोलत होता. ‘बहुतेक’ नाही, ‘साधारण’ नाही.

हॅलमचा चेहरा उतरला. “एवढं इंधन नाही आमच्याकडे. उड्डाणाचे तास ठरलेत.”

मामानं आतल्या सपाटीवर तळहात ठेवला. “इथले तास काढा. चाळीस उन्हाळे मी इथे कॅरिबू हरणांच्या मागे फिरलो. अस्वल एकदाही दिसलं नाही.”

हॅलमनी पेन्सिल उचलली. मग सपाटीवरच्या रेषा निम्म्या करून त्यांनी डोंगरात नऊ काढल्या. बर्फावर पांढरं अस्वल वरून दिसणं कठीण, म्हणून तिथे सावकाश उडायचं आणि दोघांऐवजी चौघांनी बघायचं असं ठरलं. त्यांच्या सोबतच्या मुलीनं सुधारित पान टाइप करून आणलं. त्यात लिहिलं होतं: ‘स्थानिक माहिती अनिश्चित असल्याने डोंगराळ भाग खबरदारी म्हणून समाविष्ट.’

अनिश्चित! मी पान परत ढकललं. “ही ओळ जाईपर्यंत मंडळाची सही मिळणार नाही. तिथे लिहा, मोसेसी किलिकती यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या नोंदींवरून.”

ओळ गेली. नाव आलं. मामानं सही केली.

उठता उठता हॅलमनी विचारलं, “मग तुमच्या अंदाजानं वर किती सापडतील?”

मामा म्हणाला, “आत्सूक.”

सगळे माझ्याकडे बघू लागले.

“ते म्हणतात,” मी सांगितलं, “यंदा अजून कोणी वर जाऊन पाहिलेलं नाही. तुम्ही जा आणि बघून या.”