आईच्या वाट्याचा तुकडा

आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, तरुण पाळक गेल्या महिन्यात पिशवीभर पुस्तकं घेऊन घरी आले. "बाई, साहेबांचं चरित्र तुम्हीच लिहायचं. नमुन्याला ही वाचा," म्हणाले. साहेब म्हणजे माझे वडील. मिरजगावच्या अलीकडे पत्र्याच्या छपराखाली आमची बाप्टिस्ट मंडळी त्यांनी उभी केली आणि मरेपर्यंत तिथं उपदेश केला. मी निवृत्त शिक्षिका, शुद्धलेखन बरं, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

पुस्तकं वाचली. सगळी परदेशी उपदेशकांची चरित्रं, मराठीत आणलेली. शाळेत असते तर शेजारच्याचं बघून लिहिलंय म्हणून सगळे पेपर बाजूला काढले असते. तरुणपणी वाया गेलेला माणूस, एका सभेत त्याचा पालट होतो, मग त्याला जुन्या चर्चमध्ये खोट सापडते, तो बाहेर पडतो, भांडतो आणि जिंकतो. बायकोच्या वाट्याला एक ओळ: 'त्यांना पत्नीची विश्वासू साथ लाभली.' त्या ओळीपाशी आलं की मी पुस्तक पालथं घालून उठायची.

बाबांनाही लोक कट्टर म्हणत आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. विश्वासाच्या मूळ गोष्टी ते बोटांवर मोजून दाखवत. शास्त्रात चूक नाही, कुमारीच्या पोटी जन्म, ख्रिस्ताच्या रक्तानं तारण, देहासकट पुनरुत्थान, प्रभूचं पुन्हा येणं. कॉलेजात असताना मी विचारलं होतं, "बाबा, हे तर जुन्या चर्चवालेही मानतात. मग आपण वेगळे कसे?" ते म्हणाले, "मानत्यात. पन जो मानत न्हाई त्याच्या पंगतीला बी बसत्यात." मूलतत्त्ववाद म्हणजे काय यावर पुढे बरंच वाचलं, पण याहून नेमकं उत्तर मला मिळालं नाही. काय मानायचं यापेक्षा कुणाबरोबर जेवायचं नाही, हेच आमच्या घरात मोठं होतं.

ढोंगी मात्र ते नव्हते. बाप्तिस्मा म्हणजे माणूस अख्खा पाण्याखाली गेला पाहिजे, डोक्यावर शिंपडलेलं पाणी त्यांच्या लेखी बाप्तिस्मा नव्हताच. एका दुष्काळात विहिरी आटल्या आणि दोघांचा बाप्तिस्मा अडला. कुणीतरी म्हणालं, टँकर मागवू, हौद भरू. बाबा भडकले. गाव हंडे घेऊन रांगेत उभं असताना आपण माणसं बुडवायला टँकर आणायचा? त्या दोघांना त्यांनी सात महिने थांबवलं. त्या सात महिन्यांत त्या दोघांना प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत चर्चमध्ये मोडून वाटतात ती, भाकरही दिली नाही, कारण बुडून बाप्तिस्मा घेतल्याशिवाय आमच्याकडे ती मिळत नाही.

आणि ती भाकर करायची माझी आई. दर महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी शनिवारी दुपारी गव्हाचं पीठ मीठतेलाशिवाय मळायची, जाडसर लाटायची, मंद आचेवर कडक भाजायची. भाकरीबरोबर घोटभर द्यायला काळ्या मनुका उकळून रस गाळायची. रविवारी पांढऱ्या कपड्याखाली ताट झाकून चर्चमध्ये न्यायची आणि बाकावर बसून ते ताट आपल्यावरून पलीकडे जाताना बघायची. तिचं माहेर बेलापूरकडचं, जुन्या मिशनच्या चर्चमधलं. तान्ही असताना तिच्यावर पाणी शिंपडलेलं. बाबांनी पुन्हा बाप्तिस्मा घे म्हणून परोपरीनं सांगितलं. ती एवढंच म्हणायची, "माझ्या बापानं मला हातावर धरून देवाला दिली. ते काय खोटं हुतं व्हय?" लग्नानंतर जवळपास चाळीस वर्षं तिनं स्वतः केलेल्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला नाही. घरात यावरून आवाज कधी चढला नाही. मला तर बरीच वर्षं हे सगळ्याच घरांत असतं असं वाटायचं.

तिच्या शेवटच्या आजारात भाकर करण्याचं काम माझ्याकडे आलं. शनिवारची दुपार होती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी बाजेवर पडून मला सूचना देत होती. पहिली भाकर तव्यावरून उतरवली तशी म्हणाली, "त्यातला एक तुकडा दे गं मला. प्रार्थना तूच कर."

भुकेपोटी मागत नव्हती, हे मला कळलं. भाकर माझ्या हातात होती, बोटं पोळत होती. मी ती तशीच घेऊन बाबांच्या खोलीत गेले. ते उद्याचा उपदेश लिहीत होते. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी शपथेवर सांगते. मग म्हणाले, "तिला इचार, बरी झाल्यावर पान्यात उतरशील का. मनानं हो म्हनली तरी पुरं."

मी तो निरोप घेऊन परत आले. आईनं ऐकून घेतलं. रागावली नाही. माझ्या हातातल्या भाकरीकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तू इचारायला गेल्तीस?"

मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

ती सोमवारी गेली. आदल्या दिवशी चर्चमध्ये ती भाकर मोडली आणि मीही माझा तुकडा घेतला.

चरित्र लिहायला मी बाबांच्याच टेबलावर बसते. भर दुपारी, पंखा चालू असताना, पाठीमागून त्यांचा प्रश्न ऐकू येतो: "कुठल्या वचनाला धरून?" कुणीही काहीही म्हटलं की ते हेच विचारायचे. मी मोठ्यानं उत्तर देते, वचन शोधून दाखवते, आणि मागं वळून बघायची माझी हिंमत होत नाही. शनिवारी पीठ मळताना दाराशी बाज करकरते. बाज कधीच देऊन टाकलेली आहे. मला भीती वाटते, दुसरं काही म्हणता येणार नाही.

तरी मी ते पान लिहिलं. मरणाऱ्या बायकोला त्यांनी तुकडा दिला नाही, असं सरळ लिहिलं. चरित्रात निदान एवढं तरी खरं असावं, असा माझा हट्ट होता. पाळक वाचायला आले. ते पान काढा म्हणतील म्हणून मी भांडायची तयारी ठेवली होती. त्यांनी दोनदा वाचलं आणि हळूच विचारलं, "पण बाई, भाकर तेव्हा कुठं होती?"

"माझ्या हातात."

"मग..." एवढंच म्हणाले आणि थांबले. मी त्यांचा अर्धा भरलेला चहाचा कप उचलून आत नेला. आजकालच्या पोरांना काय कळतंय, असं मनात म्हटलं. इतका राग मला बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

परवा महिन्याचा पहिला रविवार होता. माझ्या शेजारी गल्लीतली नवी सून बसली होती. तिचं माहेर राहुरीकडचं, जुन्या चर्चमधलं. लहानपणी आपल्यावर पाणी शिंपडलं होतं, हे तिनंच मला कौतुकानं सांगितलेलं. आमची रीत तिला कुणी सांगितली नव्हती. ताट माझ्याकडे आलं, मी माझा तुकडा घेतला. तिनं हात पुढे केला.

पाळक डोळे मिटून प्रार्थना करत होते. कुणीही आमच्याकडे बघत नव्हतं. तरी मी ताट धरून तशीच थांबले, व्यासपीठाकडे बघत, कुणीतरी हो म्हणावं म्हणून. मग मी ते ताट तिच्या हातावरून पलीकडच्या बाईकडे दिलं.

तिनं हात मागं घेतला आणि पदराखाली झाकला.