कुंपणातलं बुलबुलाचं घरटं

पाणीपुरवठ्याच्या पंपघरावर काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे पंपवाला म्हणत. बायको पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली, तेव्हापासून तो रोज तिच्यासाठी बाहेरचं काहीतरी घेऊन यायचा. कुणाचं भांडण, कुणाची फजिती. त्या उन्हाळ्यात पंपघराच्या कुंपणात बुलबुलाच्या जोडीनं घरटं बांधलं आणि तिला दुसरं काही ऐकायलाच नको झालं.

"अंडी कशी आहेत?"

"फिकट गुलाबी. वर तांबूस ठिपके, रंगाचा कुंचला झटकावा तसे."

"जवळ जाऊ नका हं. तुमचं तोंड बघून पळून जायची बिचारी."

तो लांबूनच बघायचा. पंपाच्या धडधडाटात मादी जागची हलायची नाही. पंप बंद झाला, की मात्र दचकून मान वर करायची. हे ऐकून बायको इतकी हसली, की हसता हसता कळवळली.

मग खात्याची माणसं कुंपण छाटायला आली. तो आत गळक्या झडपेशी झटत होता. बाहेर येईपर्यंत झुडूप गुडघ्याएवढं उरलं होतं आणि घरटं उन्हात उघडं पडलं होतं. त्यानं वर पोतं बांधून सावली केली. जोडी तारेवर बसून ओरडत राहिली, पण अंड्यांवर काही परतली नाही. दुसऱ्या दिवशी कावळ्यानं अंडी संपवली.

घरी तिनं विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "पिल्लं बाहेर आली." मग रोज थापेवर थाप. पिल्लांना पिसं फुटली, आईनं अळ्या भरवल्या.

एका संध्याकाळी ती छताकडे बघत म्हणाली, "इतके दिवस बुलबुलाची पिल्लं घरट्यात राहत नाहीत हो. माहेरी अंगणात बघितलीत मी. खरं काय झालं?"

त्यानं खाली मान घालून सांगितलं.

"आणि माझ्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर नेऊन काय सांगितलं?"

"मणक्यात गाठ आहे. पसरलीय. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले."

ती म्हणाली, "माझ्या बहिणीला बोलावून घ्या. आणि पुन्हा थापा मारू नका. फार एकटं वाटतं."

बहीण आली. पावसाळा सरायच्या आत बायको गेली. तोवर ती रोज विचारायची, "आज काय?" आणि सांगण्यासारखं नसेल, तर तो "काही नाही" एवढंच म्हणून तिच्या उशाशी बसायचा.