चंद्रावतीची चाळीस बंदरं

काळुराम म्हात्रे घड्याळ वापरत नसे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून तो भरतीची वेळ सांगायचा, आणि धरमतरच्या खाडीचं पाणी त्याच सुमाराला उघाडीच्या फळ्यांना लागायचं. उघाडी म्हणजे खारबांधातलं दार, भरतीला लावायचं आणि ओहोटीला उघडायचं. ते लावायला अर्धा तास उशीर झाला तर खारं पाणी भातात शिरतं.

त्याची मुलगी चंद्रावती माझी विद्यार्थिनी. डोकं शांत, अक्षर वाईट, आणि एखादी गोष्ट पटली नाही की डावी भुवई वर. १९९८ साली ती पेणला सुभाषच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवत होती. मी निवृत्त होतो, अधूनमधून तिथे जाऊन बसायचो.

एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत तिला भरती-ओहोटी सांगणारा प्रोग्राम सापडला. तो फुकट होता, शिवाय त्याच्या आतल्या ओळी कोणालाही वाचता येत. चूक दिसली तर दुरुस्ती करून मूळ कर्त्याकडे पाठवायची. बरोबर ठरली तर ती सगळ्या जगाच्या प्रतीत जायची. कर्ता नॉर्वेतला एक गृहस्थ होता.

प्रोग्रामात मुंबई बंदर होतं. तिथल्या वेळेत धरमतरचा नेहमीचा उशीर मिळवून चंद्रावतीनं पंधरा दिवस उघाडीवर ताडून पाहिलं.

"गुरुजी, बाबा चुकले तर कधी दहा मिनिटं, कधी वीस," ती म्हणाली. "हा रोज तीसच चुकतो. म्हणजे चूक ह्याची."

खरंच होतं. आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. प्रोग्राम वरचा अर्धा तास गाळून पाचच धरत होता. जिथे असा अर्धा तास गळतो तिथे तो मिळवायचा, अशी एक ओळ तिनं घातली. मुंबई जुळली. नव्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या घेणं शनिवारी बंद होणार होतं, आणि दुरुस्ती पाठवायला रोह्याला जावं लागे. सुभाषच्या मेहुण्याकडे तिथे इंटरनेट होतं. पाच वर्षं ती दुसऱ्यांचे प्रोग्राम शिकवत आली होती. आपली एक ओळ तरी जगात जावी, एवढंच तिला हवं होतं.

गुरुवारी मोठं उधाण होतं. आदल्या आठवड्यात बांधाला खांड पडली होती, ती बुजवून झाली होती. अशा उधाणाला गावात घरटी एक माणूस बांधावर जातो. बुजवलेल्या जागेशी कोणी थांबत नाही. सगळा बांध टोकापर्यंत चालायचा, कारण इथे अडवलेलं पाणी दुसरीकडे जोर करतं. आम्ही तिघं चालत होतो. चंद्रावतीनं बापाला दुरुस्तीची हकीकत सांगितली.

काळुराम खाली वाकून मातीत अंगठा रुतवून बघत होता. "सगला बांध चाललीस का गो?"

"आपल्या बंदरापुरतं बघितलं, बाबा."

"म्हंजे खांडीवरच हुबी ऱ्हायलीस."

तिची भुवई वर गेली नव्हती.

प्रोग्रामाबरोबर चाळीस बंदरांच्या खऱ्या वेळांचा तपासणीसंच आला होता. दुरुस्ती पाठवण्याआधी तो पूर्ण चालवा, अशी कर्त्याची सूचनाही होती. क्लासातल्या जुन्या यंत्रावर त्याला चार तास लागत, म्हणून तिनं तो टाळला होता. शुक्रवारी तिनं तो लावला. दोनदा वीज गेली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात. शनिवारी दुपारी एकतिसावं बंदर चुकलं. कॅनडाच्या पूर्वेचं न्यूफाउंडलंड बेट. त्यांचं घड्याळही अर्ध्या तासाचं, पण ग्रीनिचच्या मागे. तिथे अर्धा तास वजा करायचा, आणि हिची ओळ तिथेही मिळवत होती. आधी तिथली वेळ अर्धा तास चुकायची. हिच्या दुरुस्तीनं पूर्ण तास चुकू लागली.

तिनं ओळ बदलली, आणि चाळीसही बंदरं पुन्हा लावली.

"अगो, एक ओळ," सुभाष म्हणाला. "तिच्यापायी सगळी दुनिया फिरतेस? गाडी गेली तर रोहा नाय, आणि आज नाय तर गेलंच."

"तिकडं कोणीतरी होडी काढत असेल," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

रोह्याची गाडी गेली. संच संध्याकाळी संपला, चाळीसही बरोबर. सोमवारी तिनं दुरुस्ती पाठवली, खाली चाळीस बंदरांच्या वेळा जोडून. कर्त्याचं उत्तर आलं: आवृत्ती निघून गेली, पण ही ओळ पुढच्या खेपेला घेतो.

पुढची खेप डिसेंबरात आली. शेवटच्या पानावर मदत करणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं, गावासकट. तिनं त्या दिवसाचे दोन कागद छापले, मुंबईचा आणि त्या बेटाचा, आणि आम्ही उघाडीवर गेलो. सांगितल्या वेळेला पाणी थबकलं आणि मागे फिरलं. काळुरामला त्यात नवल वाटलं नाही. त्याला ते माहीतच होतं.

"आन् तुझ्या त्या बेटावर?" त्यानं विचारलं.

तिनं दुसरा कागद पाहिला, बोटावर तास मोजले. "आता चढतंय, बाबा."

काळुराम उतरत्या खाडीकडे बघत राहिला. तीस वर्षं मी भूगोल शिकवला, समुद्र एकच आहे हे फळ्यावर कितीदा लिहिलं. त्या दिवशी मात्र मीही त्याच्याशेजारी नुसता उभा होतो.

"मंग आपलं पानी तिकडंच चाललंय," काळुराम म्हणाला, आणि उघाडीची फळी वर ओढायला वाकला.